युद्धावर वाद घालण्याआधी ठराव वाचा

२७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका प्रस्तावावर मतदान झाले. इराणविरुद्धची लष्करी कारवाई काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, परवानगीवाचून पुढे चालवू नये, असा ठराव व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन यांनी मांडला होता. तो समितीकडून काढून घेऊन सभागृहापुढे आणायचा का, एवढाच प्रश्न होता. बाजूने ४७ मते पडली, विरोधात ५३. विषय तिथेच संपला. त्याआधी पाच दिवस अमेरिकेच्या सात बी-२ बाँबफेकी विमानांनी इराणच्या फोर्दो आणि नतान्झ या अणुकेंद्रांवर १४ महाकाय बाँब टाकले होते. त्या आठवड्यात डेट्रॉइटपासून डोंबिवलीपर्यंत लोक हिरिरीने भांडत होते. फोर्दोची डोंगराखालची यंत्रणा खरोखर उद्ध्वस्त झाली का? ट्रम्प यांना शांततेचे नोबेल मिळेल का? इराण होर्मुझची सामुद्रधुनी बंद करील का? त्या सगळ्या भांडणात ४७ विरुद्ध ५३ हा आकडा मात्र जवळजवळ कुठेच नव्हता.

सामान्य माणसाने परदेशातल्या युद्धांवर बोलू नये, ते तज्ज्ञांवर सोडावे, हे म्हणणे मला साफ अमान्य आहे. युद्धाची झळ ज्यांना बसते त्यांना बोलायचा हक्क आधी. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. नाशिकची द्राक्षे न्हावा शेव्याहून शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या कंटेनरमधून रॉटरडॅमला जातात. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला की काडी सुकते, मणी गळतात, वर वाढलेले भाडे वेगळे. त्या समुद्रात अमेरिकेने काय करावे, यावर निफाडचा बागायतदार बोलणार नाही तर कोण बोलणार?

तेव्हा माझी तक्रार बोलण्याबद्दल नाही. बोलणे कशावर होते, याबद्दल आहे. ही चर्चा फिरूनफिरून एका माणसापाशी येते. बुश युद्धखोर, ओबामा बोटचेपे, बायडेन थकलेले, ट्रम्प लहरी. यांतले काही खरेही असेल, पण राष्ट्राध्यक्षाची निवडणूक चार वर्षांतून एकदा येते आणि युद्धे त्या तारखांसाठी थांबत नाहीत. मधल्या काळात मत पडते ते मजकुरावर: ठरावाच्या ओळींवर, तरतुदीच्या आकड्यावर, मुदतीवर. नागरिकांच्या वादाला जोर यायचा असेल तर तो या मजकुरावर व्हायला हवा आणि त्या मजकुरावर कोणत्या सदस्याने कसे मत दिले तिथपर्यंत जायला हवा.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमाच्या आठव्या विभागात युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. त्याच विभागात सैन्यासाठी केलेली पैशाची तरतूद दोन वर्षांहून अधिक काळाची असू नये, अशी अटही आहे. राष्ट्राध्यक्ष सरसेनापती आहे, पण ते दुसऱ्या कलमात. आजवर काँग्रेसने ११ वेळा औपचारिकपणे युद्ध पुकारले. शेवटची वेळ जून १९४२ ची, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक यांपैकी एकही युद्ध या अर्थाने पुकारलेले नाही. १९५० मध्ये ट्रुमन यांनी कोरियात सैन्य पाठवताना काँग्रेसकडे मत मागितलेच नाही, आणि पायंडा पडला. त्यानंतर घोषणेची जागा परवानगीच्या ठरावांनी घेतली. खरी गोम या ठरावांच्या भाषेत आहे.

व्हिएतनाम युद्धाचा आधार ठरलेला टोंकिनचा ठराव घ्या. ७ ऑगस्ट १९६४ रोजी प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ अशा मतांनी तो मंजूर झाला. अमेरिकी सैन्यावरचे हल्ले परतवण्यासाठी आणि पुढचे आक्रमण रोखण्यासाठी लागतील ते सर्व उपाय राष्ट्राध्यक्षाने करावेत, असे त्यात म्हटले होते. किती सैन्य, किती काळ, याचा उल्लेख नाही. मुदतीच्या नावाखाली होते ते एवढेच, की शांतता नांदू लागल्याचे राष्ट्राध्यक्षाने ठरवले वा काँग्रेसने नवा ठराव केला तर हा ठराव संपेल. पुढच्या चार वर्षांत पाच लाखांहून अधिक सैनिक व्हिएतनाममध्ये उतरले, ते या परवानगीवर. ऑरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुनिंग या दोघांनीच विरोधात मत दिले. ठराव रद्द व्हायला जानेवारी १९७१ उजाडले.

सप्टेंबर २००१ चा ठराव याहून आखूड आहे. त्याचे मुख्य वाक्य इंग्रजीत ६० शब्दांचे. ११ सप्टेंबरचा हल्ला ज्या राष्ट्रांनी, संघटनांनी वा व्यक्तींनी आखला, घडवला, त्याला मदत केली किंवा हल्लेखोरांना आसरा दिला, असे राष्ट्राध्यक्ष ठरवतील, त्या सर्वांविरुद्ध आवश्यक आणि योग्य ते बळ वापरावे. त्यात काय नाही ते पाहा. देशाचे नाव नाही, संघटनेचे नाव नाही, संपण्याची तारीख नाही. शत्रू कोण हे ठरवणाराही राष्ट्राध्यक्षच. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी तो मंजूर झाला. ते एक मत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या बार्बरा ली यांचे. त्यांचा आक्षेप हाच होता, की हा कोरा धनादेश आहे. पुढे हल्ल्याच्या वेळी अस्तित्वातही नसलेल्या संघटनांविरुद्ध, सोमालियातल्या अल-शबाबविरुद्ध आणि अल-कायदाशीच उभा दावा मांडलेल्या इस्लामिक स्टेटविरुद्ध या वाक्याचा आधार घेतला गेला. इराकविरुद्धचा २००२ चा ठराव सद्दाम हुसेन यांच्या राजवटीसाठी होता. सद्दाम यांना डिसेंबर २००६ मध्ये फाशी झाली. तरी जानेवारी २०२० मध्ये इराणी सेनापती कासिम सुलेमानी यांना बगदादमध्ये ठार मारले, तेव्हा सरकारने आधार म्हणून जे पुढे केले त्यात हा ठरावही होता. सुलेमानी यांच्यावर त्या दिवसांत लाखो लोक बोलले. ठरावाचे कलम कितींनी उघडून पाहिले?

व्हिएतनामनंतर काँग्रेसने वेसण घालायचा प्रयत्न केला होता. ७ नोव्हेंबर १९७३ रोजी निक्सन यांचा नकाराधिकार दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी मोडून युद्धाधिकारांचा कायदा झाला. कागदावर तो सोपा आहे. सैन्य लढाईत उतरवले वा लढाई अगदी तोंडावर असली की राष्ट्राध्यक्षाने ४८ तासांत काँग्रेसला अहवाल द्यायचा. तिथून ६० दिवसांत काँग्रेसने परवानगी दिली नाही तर सैन्य मागे घ्यायचे. सुरक्षित माघारीसाठी आणखी ३० दिवस मिळतात. सर्वसामान्य चर्चेत हे ‘६० दिवस’ फार ऐकू येतात, आणि ६१ व्या दिवशी काहीच कसे घडले नाही म्हणून लोक चक्रावतात.

घडत नाही त्याचे कारण कारकुनी वाटेल असे आहे. चौथ्या कलमात अहवालाचे तीन प्रकार आहेत, आणि घड्याळ चालू होते ते फक्त पहिल्या प्रकाराच्या अहवालाने. म्हणून राष्ट्राध्यक्ष अहवाल पाठवतात, पण तो कोणत्या पोटकलमाखाली आहे हे लिहीत नाहीत. कायद्याशी सुसंगत राहून कळवत आहोत, एवढेच म्हणतात. १९७३ पासून शंभराहून अधिक अहवाल गेले. पहिल्या पोटकलमाचा स्पष्ट उल्लेख त्यांपैकी एकातच आहे, मे १९७५ मधल्या फोर्ड यांच्या अहवालात. कंबोडियाने पकडलेले मायागेझ हे जहाज सोडवण्याची ती मोहीम अहवाल पोचेपर्यंत संपलीही होती. २०११ मध्ये लिबियावरचे हल्ले ६० दिवसांच्या पलीकडे गेले, तेव्हा ओबामा सरकारने वेगळीच वाट काढली. आपले सैनिक जमिनीवर नाहीत, उलट गोळीबाराचा धोका नाही, तेव्हा कायद्याला अभिप्रेत असलेली ही लढाईच नव्हे, असे सांगितले. आकाशातून बाँब पडत असताना हा युक्तिवाद केला गेला. मला तो आजही लाजिरवाणा वाटतो. आणि तो केला शांततेचे नोबेल मिळालेल्या, घटनाशास्त्र शिकवलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या सरकारने. स्वभावावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हुथींवरची २०२५ ची मोहीम १५ मार्चला सुरू झाली आणि ओमानच्या मध्यस्थीने ६ मे रोजी थांबली. म्हणजे ५२ दिवस. तिला काँग्रेसची परवानगी नव्हती. पण त्या आठवड्यांत सारी चर्चा खाऊन टाकली ती सिग्नल या संदेशांच्या ॲपवरच्या मंत्र्यांच्या गटात चुकून एक पत्रकार जोडला गेला या प्रकरणाने. गोपनीयतेचा तो भंग गंभीर होताच. पण हल्ले कोणत्या परवानगीने चालू आहेत, हा प्रश्न त्याखाली गाडला गेला.

युद्धाधिकारांच्या कायद्यातला दुसरा दात न्यायालयाने काढला. १९७३ च्या मजकुराप्रमाणे दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की सैन्य परत आणावे लागे, राष्ट्राध्यक्षाची सही नको होती. १९८३ मध्ये एका स्थलांतरविषयक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा सहीविना नकार घटनाबाह्य ठरवला आणि ही तरतूद निकामी झाली. आता लागतो तो संयुक्त ठराव, आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतो. येमेनच्या बाबतीत हे पुरते दिसले. सौदी मोहिमेला दिलेली मदत थांबवण्याचा ठराव २०१९ मध्ये सिनेटने ५४ विरुद्ध ४६ आणि प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध १७५ मतांनी मंजूर केला. ट्रम्प यांनी १६ एप्रिलला तो नाकारला. सिनेटमध्ये नकार मोडण्यासाठी दोन तृतीयांश मते हवी होती, पडली ५३. थोडक्यात, युद्ध सुरू करायला एक माणूस पुरतो आणि थांबवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लागतात. घटनाकारांनी बांधलेली मांडणी ही अशी उलटी झाली आहे, आणि बहुतेक मतदारांना ती उलटी झाल्याचे माहीत नाही.

त्यातही सिनेटमध्ये निदान वाट आहे. असा ठराव दहा दिवस समितीत पडून राहिला की कोणीही सदस्य तो बाहेर काढण्याचा प्रस्ताव मांडू शकतो. त्याला साधे बहुमत पुरते, एरवीचा ६० मतांचा अडसर नसतो. म्हणून १६ जूनला मांडलेला केन यांचा ठराव २७ जूनला मताला आला. प्रतिनिधिगृहात मात्र बहुमतवाला पक्ष कामकाजाच्या नियमातच हे घड्याळ बंद करू शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये येमेनच्या ठरावाचा लवकर मताला येण्याचा विशेष दर्जा काढून घेतला गेला तो लांडग्यांच्या संरक्षणाविषयीच्या विधेयकाच्या नियमात एक ओळ घालून. डिसेंबरमध्ये तीच क्लृप्ती शेती विधेयकाच्या नियमात वापरली आणि तो नियम २०६ विरुद्ध २०३ मतांनी मंजूर झाला. दोन मते इकडची तिकडे झाली असती तर नियम पडला असता. आपल्या प्रतिनिधीने येमेनवर काय मत दिले हे शोधणाऱ्या मतदाराला ते येमेनच्या नावाखाली सापडणार नाही, शेती विधेयकाच्या नियमाखाली सापडेल.

पैशाच्या बाबतीत गोंधळ आणखी मोठा. युक्रेनला अमुक अब्ज दिले, असे म्हणताना लोक चार वेगळ्या गोष्टी एकत्र करतात: सरकारने घोषणा केली ती रक्कम, काँग्रेसने तरतूद केली ती, कंत्राटे झाली ती आणि तिजोरीतून प्रत्यक्ष गेली ती. चारही आकडे एका दिवशी वेगवेगळे असतात. शिवाय मोठा भाग रोख नसतोच. १९६१ च्या परदेशी मदत कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या लष्कराच्या कोठारातून शस्त्रे काढून देऊ शकतो. त्याची नेहमीची मर्यादा वर्षाला १० कोटी डॉलर. युक्रेनसाठी काँग्रेसने ती २०२२ च्या अर्थवर्षात ११ अब्ज आणि पुढच्या वर्षी १४.५ अब्ज केली. मग प्रश्न आला, वीस वर्षे कोठारात पडलेल्या तोफगाड्याची किंमत काय धरायची? जून २०२३ मध्ये पेंटागॉनने सांगितले, की आपण काही शस्त्रांची किंमत नवीन घ्यायला लागेल तेवढी धरली, खातेवहीतली घसारा वजा केलेली धरायला हवी होती. त्यामुळे दोन वर्षांत मिळून ६.२ अब्ज डॉलरची मदत जास्त मोजली गेली. डॉलर कुठे गहाळ झाले नव्हते. तेवढी मर्यादा शिल्लक राहिली होती, म्हणजे आणखी शस्त्रे देता येत होती. तरी दोन्ही बाजूंनी या आकड्याचा घोटाळा म्हणून गाजावाजा झाला.

एप्रिल २०२४ च्या पॅकेजमध्ये युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज होते. त्यातले २३ अब्ज अमेरिकेचीच रिकामी झालेली कोठारे पुन्हा भरण्यासाठी होते. हा पैसा कुठे जातो ते पाहायचे तर पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनचा दारूगोळा कारखाना पाहावा. तिथे पोलादी कांबी तोडून लालबुंद होईपर्यंत तापवतात, दाबयंत्रात लांबवून पोकळ करतात, टोक वळवतात, पुन्हा तापवून पाणी देतात, कातून मापात आणतात. १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्याचे हे रिकामे कवच मग आयोवातल्या मिडलटाउनला जाते. स्फोटक तिथे ओततात. फ्यूज वेगळीकडे बनतो. २०२२ च्या सुरुवातीला महिन्याला साधारण १४ हजार गोळे होत होते, लक्ष्य ठेवले एक लाखाचे. पैसे मंजूर झाले म्हणून ते लगेच गाठता आले नाही, कारण नवी दाबयंत्रे मागवून बसवायला वेळ लागतो आणि टीएनटी तर अमेरिकेत १९८० च्या दशकानंतर बनतच नव्हते. ‘सगळा पैसा कीव्हला गेला’ म्हणणारा आणि ‘पैसा मिळाला, आता युक्रेन जिंकणार’ म्हणणारा, दोघेही या कारखान्याच्या दारातच चुकतात.

याच पॅकेजची दुसरी बाजू. बायडेन यांनी मागणी केली ऑक्टोबर २०२३ मध्ये. मंजुरी आली सहा महिन्यांनी. मधल्या काळात अमेरिकी जनता युद्धाला कंटाळली आहे, असे जगभर बोलले गेले. प्रत्यक्षात २० एप्रिल २०२४ रोजी प्रतिनिधिगृहात मतदान झाले तेव्हा ३११ बाजूने आणि ११२ विरोधात अशी मते पडली. बहुमत नव्हते असे नाही, सभापतींनी विषय पटलावर घेतला नव्हता. जनतेच्या मनाचा ठाव घेण्याआधी विषयपत्रिका कोणाच्या हातात आहे ते विचारले असते, तर त्या सहा महिन्यांची चर्चा अधिक शहाणी झाली असती.

आता आक्षेप. युद्धात वेळ महत्त्वाचा असतो, गुप्तता लागते. ५३५ सदस्यांच्या काँग्रेसला आणि तिच्यामागच्या कोट्यवधी मतदारांना विचारत बसलो तर शत्रू थांबेल का? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंडियानाचे प्रतिनिधी लुई लडलो यांनी १९३० च्या दशकात घटनादुरुस्ती सुचवली होती, की देशावर हल्ला झाला नसेल तर युद्ध पुकारण्याआधी सार्वमत घ्यावे. गॅलपच्या चाचण्यांत सुमारे तीन चतुर्थांश लोक त्या बाजूने होते. १० जानेवारी १९३८ रोजी ती समितीतून बाहेर काढण्याचा प्रस्ताव २०९ विरुद्ध १८८ मतांनी पडला. पडला ते बरे झाले, असे मला वाटते. हिटलर ऑस्ट्रिया गिळण्याच्या बेतात असताना अमेरिकेने सार्वमताची बेडी पायात घालून घेणे धोक्याचे होते. सार्वमत हे फार बोथट हत्यार आहे. प्रश्न हो किंवा नाही एवढाच उरतो आणि मजकूर सुधारता येत नाही.

पण काँग्रेसमधल्या मताला हा आक्षेप लागू पडत नाही. हल्ला परतवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला आहेच, त्याबद्दल वाद नाही. वाद निवडून केलेल्या युद्धांचा आहे, आणि त्यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. थोरल्या बुश यांनी ऑगस्ट १९९० पासून सौदी अरेबियात सैन्य जमवले, १२ जानेवारी १९९१ रोजी काँग्रेसमध्ये मत घेतले आणि १७ जानेवारीला इराकवर हल्ला सुरू केला. सिनेटमधला निकाल होता ५२ विरुद्ध ४७. इतके अटीतटीचे, उघड मतदान होऊनही लष्करी यशात काही बाधा आली नाही. उलट बाजूला २०१३ चे सीरिया आहे. २९ ऑगस्टला ब्रिटिश संसदेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी पंतप्रधान कॅमेरून यांचा सीरियावरच्या लष्करी कारवाईचा प्रस्ताव फेटाळला. दोन दिवसांनी ओबामा यांनी काँग्रेसकडे जाण्याचे जाहीर केले, मतदारांचे फोन खणखणू लागले, सदस्य मागे सरले आणि अंतिम मतदान झालेच नाही. तो निर्णय बरोबर की चूक, यावर आजही दोन मते आहेत. पण त्या दोन आठवड्यांत सामान्य नागरिकाचा शब्द पोचला, कारण पुढे एक ठराव होता आणि त्यावर मत मागितले जाणार होते.

सामान्य माणसे ठराव हातात घेऊन कशी बोलू शकतात, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण व्हरमाँटचे आहे. या छोट्या राज्यात मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव नगरसभा भरते. विषयपत्रिका ३० ते ४० दिवस आधी चिकटवावी लागते. गावातल्या ५ टक्के मतदारांनी सह्या केल्या तर त्यांचा विषय तीत घातला जातो. सभा आधी संचालक निवडते. बोलणारा संचालकाला उद्देशून बोलतो, समोरच्याला नाही, हा नियम लहान वाटतो, पण निम्मी भांडणे त्यानेच टळतात. मतदार नसलेल्याला बोलायचे तर सभेची अनुमती लागते. दुरुस्ती सुचवता येते, तिच्यावर आधी मत होते. आवाजी मतदानावर समाधान नसेल तर हात मोजतात, आणि सात मतदारांनी मागणी केली तर चिठ्ठ्या टाकतात. रस्ता दुरुस्तीचे यंत्र, मोऱ्या, शाळेचा खर्च, हे सगळे त्याच पत्रिकेवर असते.

२ मार्च १९८२ रोजी त्या पत्रिकांवर अण्वस्त्रे आली. रँडल फोर्सबर्ग या अभ्यासक बाईंनी मांडलेली मागणी नेमकी होती: अमेरिका आणि सोव्हिएत संघ, दोघांनीही अण्वस्त्रांची चाचणी, निर्मिती आणि तैनाती एकदम थांबवावी आणि त्याची पडताळणी व्हावी. रेगन चांगले की वाईट, हा प्रश्न नव्हताच. दूधदुभत्याचा धंदा करणारे, शिक्षक, लाकूडतोडे यांनी पडताळणी कशी होणार, रशियाने फसवले तर काय, यावर वाद घातला आणि दीडशेहून अधिक गावांनी ठराव मंजूर केला. हे ठराव कायद्याने कोणावर बंधनकारक नव्हते. तरी त्याच वर्षी १२ जूनला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे दहा लाख लोक जमले आणि ४ मे १९८३ रोजी प्रतिनिधिगृहाने २७८ विरुद्ध १४९ मतांनी, बऱ्याच दुरुस्त्यांसह, गोठवणुकीचा ठराव केला. सिनेटने तो मानला नाही, युरोपात क्षेपणास्त्रे तैनात झालीच. नगरसभांमुळे मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांबाबतचा १९८७ चा अमेरिका-सोव्हिएत करार झाला, असा दावा मी करणार नाही. पण काँग्रेसला या विषयावर नावानिशी मत द्यावे लागले, ते या नगरसभांनी सुरू केलेल्या रेट्यामुळे.

आपल्याकडेही असे एकदा घडले आहे. इराक युद्धावर भारतात रान उठले होते. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने त्या युद्धाची निंदा करणारा ठराव एकमताने संमत केला. पुढे अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्याची एक डिव्हिजन मागितली, तेव्हा वाजपेयी सरकारने १४ जुलैला, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय सैन्य नाही, असे कळवले. संसदेचा ठराव समोर असताना सरकारला वेगळे वागणे जड गेले असते. रस्त्यावरच्या रागाला कागदावर उतरवल्याने काय होते, ते यात दिसते.

अमेरिकेतल्या मराठी माणसांना हे अधिक सहज जमण्यासारखे आहे. प्रतिनिधिगृहात येमेनबाबतचे ठराव मांडणारे रो खन्ना ज्या मतदारसंघातून येतात, त्या सनीव्हेल, क्युपर्टिनो, फ्रीमाँटच्या पट्ट्यात मराठी घरे भरपूर आहेत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी जानेवारी २०२३ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघाचे प्रतिनिधी म्हणून शपथ घेतली. नोंदवून घेतलेल्या प्रत्येक मतदानातले प्रत्येक सदस्याचे मत प्रतिनिधिगृहाच्या संकेतस्थळावर नावानिशी मिळते. एच-१बी वर असलेल्याला मत देता येत नाही, उमेदवाराला देणगीही देता येत नाही, पण आपल्या भागाच्या प्रतिनिधीला पत्र लिहिण्यापासून त्याला कोणी अडवलेले नाही. ग्रीन कार्ड असलेल्या घरातला मुलगा १८ वर्षांचा झाला की सक्तीच्या लष्करभरतीसाठीच्या नोंदणीखाली येतो. भरती १९७३ पासून बंद असली तरी नोंदणी आहे, आणि ती चुकली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अडचण येऊ शकते. म्हणजे या घरांचा युद्धाशी संबंध बातम्या पाहण्यापुरता नाही.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांमधले ‘मंडळात राजकारण नको’ हे वाक्य आता पुष्कळ झाले. करमुक्त धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, हे खरे. पण सार्वजनिक प्रश्नावर दोन्ही बाजू मांडणारी चर्चा ठेवायला त्या कायद्याची आडकाठी नाही. महाराष्ट्र मंडळाने एक संध्याकाळ ठेवावी. चालू असलेला एखादा ठराव छापून प्रत्येकाच्या हातात द्यावा, शक्यतो आठवडाभर आधी. बाजूने दोन वक्ते, विरोधात दोन, प्रत्येकी दहा मिनिटे. संचालक असा निवडावा ज्याला मध्येच थांबवायला संकोच वाटत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या स्वभावावर बोलायला लागणाऱ्याला त्याने ठरावाच्या कुठल्या ओळीबद्दल बोलता आहात, एवढे विचारावे. दुरुस्त्या घ्याव्यात: मुदत घालायची का, देशाचे नाव घालायचे का, दर सहा महिन्यांनी अहवाल मागायचा का. शेवटी चिठ्ठ्या टाकाव्यात आणि बाजूची, विरोधातली, दोन्ही मते कळवावीत.

पत्र एका पानाचे असावे. वर ठरावाचा क्रमांक, पहिल्याच वाक्यात काय हवे ते, खाली सह्या आणि प्रत्येक सहीपुढे पत्ता व झिप कोड. प्रतिनिधींची कार्यालये पत्रे आणि फोन विषयवार नोंदवतात, पण आपल्या मतदारसंघाबाहेरच्यांचा विचार करत नाहीत. म्हणून मंडळाचे सभासद तीन मतदारसंघांत राहत असतील तर पत्रे तीन करावी लागतील. सिनेटमध्ये ठराव आल्यापासून दहा दिवस हातात असतात. पत्र त्याआधी पोचायला हवे. टपालाने पाठवलेले पत्र तपासणीत अडकून उशिरा पोचते, तेव्हा ते प्रतिनिधीच्या संकेतस्थळावरून पाठवावे आणि मागोमाग स्थानिक कार्यालयात फोन करावा.